वन्संचा उरलेला डोळा

"आत्या, ह्या बाईचं नाक केवढं मोठं हाय बघ!"

आमची केतकी तेव्हा पाच वर्षांची होती. दुकानातल्या गादीवर मांडी ठोकून बसली होती. हिरव्या बांगड्या एकावर एक धरून तिनं त्यांची नळी केली होती आणि ती डाव्या डोळ्याला लावून समोरच्या गिऱ्हाइकाकडं बघत होती. गिऱ्हाईक साधंसुधं नव्हतं, गावच्या सरपंचाची बायको होती. आणि खरं सांगू का, बाईचं नाक होतंच तसं. मला हसू आवरेना आणि पोरीला रागवायचं तर होतंच.

"गप बस भवाने," मी म्हटलं. "वैनीसाहेब, मनावर घेऊ नका हं, पोर लाडावलंय."

बाई दिलदार होती. "ऱ्हाऊ द्या हो, खोटं कुठं बोलली?" असं म्हणून तीच हसायला लागली. "ये बाळ, आता दुसऱ्या डोळ्यानं बघ. त्यानं ल्हान दिसंल."

केतकीनं नळी उजव्या डोळ्याला लावली. मान इकडं केली, तिकडं केली आणि पुन्हा नळी डाव्या डोळ्याला आणली. "ह्यानं न्हाई दिसत," म्हणाली. "ह्यात नुसता धूर हाय."

आम्ही दोघी खो खो हसलो. वन्सं मात्र हसल्या नाहीत. बाईचा हात वन्संच्या हातात होता, बांगडी अर्ध्या मुठीवर चढली होती आणि तिथंच ती कटकन वाढली. आमच्या कासारांच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि वन्संच्या हातून बांगडी वाढलेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. भरल्या अंगाची बाई असो नाहीतर ओली बाळंतीण, त्या गप्पा मारता मारता अशी बांगडी चढवत की बाईला कळतसुद्धा नसे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बकुळाबाई. लहानपणी एक डोळा गेला म्हणून लग्न झालं नाही आणि लग्न झालं नाही म्हणून दुकान त्यांच्याकडं आलं. आमचे हे माल आणायला फिरायचे, मी पोर आणि स्वैपाक बघून दुकानात हाताखाली बसायची, पण गादी वन्संची. जीभ म्हणाल तर दुधारी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्यांना इतकी भ्यायची की त्या घरात शिरल्या की माझ्या हातून वाटी पडायची. "इंदे, भांडी घासायला दिल्यात, बडवायला न्हाईत," असं ऐकू आलं की मी आणखी एक पाडायची!

त्या दिवशी दुकान बंद केल्यावर त्यांनी केतकीला जवळ घेतलं. तिचा डावा डोळा पदरानं झाकला आणि स्वतःची बोटं तिच्यापुढं नाचवली.

"किती बोटं?"

"आत्या, तू कुठं हायस?" केतकीनं विचारलं.

वन्संनी पदर काढला आणि पोरीला पोटाशी धरलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझं असंच सुरू झालं हुतं, इंदे."

आता इथं तुम्हाला आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घराण्यात काही जणांच्या अंगावर जन्मतः चहाच्या रंगाचे डाग असतात. तिळासारखे बारके नव्हेत, चांगले बोट टेकवल्यासारखे. यांच्या अंगावर होते, वन्संच्या होते, आमच्या केतकीच्या तर काखेत, पोटावर, मांडीवर सगळीकडं होते. घरचे म्हणत, खंडोबानं लेकराला भंडाऱ्याच्या बोटांनी शिवलंय. बारशाला बायका बाळाला उघडं करून डाग शोधत आणि सापडले की पेढ्यांचं वाटप दुप्पट. केतकीच्या बारशाला सासूबाईंना कोण आनंद झाला होता! "देवाचं लेकरू आलं गं बाई," म्हणून त्या आळीभर सांगत फिरल्या. पण सांगायचं फक्त, दाखवायचं नाही. खुणा घराबाहेरच्या डोळ्यांना दाखवल्या तर देव दिलेलं परत घेतो, असा कडक नेम होता. गावातल्या समस्त बायकांचे हात आमच्या हातात येत, पण आमच्या घरच्या लेकीचा दंड गावातल्या कुणी पाहिला नव्हता. भर उन्हाळ्यात केतकीला लांब बाह्यांचा झगा.

आणि या नेमाला साक्ष कोण? वन्संच. लहानपणी नदीवर पोहायला गेल्या असताना त्यांनी मैत्रिणींना पोटावरच्या खुणा दाखवल्या होत्या. पोरीबाळींचा खेळ तो! त्याच वर्षी त्यांचा डावा डोळा अधू होत होत गेला. सासूबाई हे घरातल्या प्रत्येक पोराला सांगत. वन्सं समोर बसलेल्या असल्या तरी सांगत. आणि वन्सं मान खाली घालून म्हणत, "व्हय, माझीच चूक. तुम्ही नका करू तसं."

मी दुसऱ्या घरातून आलेली. मला हे सगळं ऐकून हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. विश्वास आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर पोरीच्या डोळ्याचा प्रश्न.

तालुक्याच्या गावी डोळ्यांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं नेलं. त्यांनी यंत्रावर केतकीची हनुवटी टेकवून पाहिलं आणि म्हणाले, "डोळा आळशी झालाय. चांगला डोळा झाकून ठेवा, म्हणजे हा कामाला लागेल." बिचाऱ्यांपुढं गळ्यापर्यंत बटणं लावलेली पोर बसवली होती, त्यांना दुसरं काय दिसणार? आम्ही चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायला लागलो. पोर घरभर चाचपडायला लागलं. चौकटीला कपाळ आपटायचं, ताटातली भाकरी सापडायची नाही. "आई, पट्टी काढ की गं, मी शहाण्यासारखी वागीन," म्हणायची. तिला वाटायचं शिक्षा केलीय. मी चुलीकडं तोंड करून रडायची.

महिने गेले, फरक शून्य. उलट उजवा डोळा थोडा पुढं आल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं माझाच भ्रम, पण एक दिवस वन्संनी पट्टी उचकटली आणि यांच्यासमोर टाकली.

"भालू, मिरजेला चल. उद्याच."

"अक्का, डॉक्टर म्हणाले वेळ लागंल."

"मला नको सांगू वेळ. माझ्या डोळ्याला बी आई म्हणायची, हुईल बरा. झाला का?"

यांनी मान हलवली. वन्संपुढं यांचं काही चालत नसे, आणि देवाची शपथ, त्या दिवशी मला त्याचं फार बरं वाटलं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. बोलायला गोड, पण हात झटपट. त्यांनी केतकीच्या डोळ्यांत थेंब घातले, अंधार करून कितीतरी वेळ बघितलं. लाल झाकणाची बाटली एकदा या डोळ्यापुढं, एकदा त्या डोळ्यापुढं धरली.

"कसल्या रंगाचं आहे गं झाकण?"

"लाल," डाव्या डोळ्यानं केतकी म्हणाली. उजव्यानं बघून म्हणाली, "हे मळकं."

बाईंनी दिवा लावला आणि आमच्याकडं वळून विचारलं, "हिच्या अंगावर तपकिरी डाग आहेत का? जन्मापासूनचे?"

बाईंना कसं कळलं? अंगावरचा झगा तर गळ्यापर्यंत बंद. नंतर कळलं, डोळ्याच्या बुबुळावरच त्यांना त्या आजाराच्या बारीक गाठी दिसल्या होत्या. पण तेव्हा मला वाटलं ही बाई जादूगार आहे.

"न्हाईत," आमचे हे म्हणाले. "डागबिग काय न्हाईत."

"मला बघायला हवं. फ्रॉक काढा."

"न्हाईत म्हटलं ना! चल गं, ऊठ." यांनी केतकीचा दंड धरला. यांच्या चेहऱ्याकडं बघून मला राग येईना. माणूस घामानं निथळत होता. त्याला खरोखर वाटत होतं की झगा उतरला की पोरीचा डोळा गेलाच. आणि मी, तिची आई, बटणावर हात ठेवून बसले होते आणि तो हात हलत नव्हता. दाखवलं आणि खरंच काही झालं तर? न दाखवलं आणि झालं तर? मी वन्संकडं बघितलं.

वन्सं उठल्या. यांच्या आणि केतकीच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीला हात लावू नका, बाई," डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "खुणा बघायच्यात ना? माझ्या बघा."

"अक्का!" हे ओरडलेच.

"तू भायेर जा भालू. बापय माणसाचं हितं काय काम न्हाई."

हे दाराकडं तोंड करून उभे राहिले, बाहेर गेले नाहीत. वन्संनी पदर खाली टाकला आणि चोळीच्या गाठीला हात घातला. दिवसभर दुसऱ्यांच्या मनगटांवर फिरणारी बोटं, पण स्वतःची गाठ सुटेना. शेवटी मीच सोडली. सात वर्षं एका घरात राहून मीसुद्धा त्यांची पाठ पहिल्यांदाच पाहत होते. डाग होतेच, शिवाय मोहरीएवढ्या, हरभऱ्याएवढ्या मऊ गाठी पाठभर. कुणाला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

"बघा," वन्सं म्हणाल्या. कुणाशी बोलत होत्या कोण जाणे, नजर छताकडं होती. "काय घ्यायचं ते माझ्याकडनं घे. पोरीनं काय दाखवलं न्हाई. दाखवतीय ती मी."

डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या, एक शब्द मधे बोलल्या नाहीत. त्यांनी हळूच बघितलं, स्वतःच पदर उचलून वन्संच्या खांद्यावर टाकला आणि मग विचारलं, "तुमचा डावा डोळा कधी गेला?"

"नऊ वर्साची हुते."

"कशानं?"

"नदीवर पोरींना खुणा दाखवल्या, त्यानं."

"आणि भाचीच्या अंगावर असेच आहेत?"

वन्संनी माझ्याकडं बघितलं. मी बटणं सोडली. सगळी सोडली, झगा डोक्यावरून काढला आणि पोरीला उघडी उभी केली. हे दाराशी रडत होते.

मग बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. इतकं सोपं करून सांगितलं की आजही मी दुसऱ्याला सांगू शकते. डोळ्यातून मेंदूकडं एक नस जाते, दिसतं ते तिच्यामुळं. हे डाग म्हणजे रक्तातून आलेल्या एका आजाराची खूण. आईकडून नाहीतर बापाकडून येतो. अशा मुलांपैकी काहींना लहानपणीच त्या नसेत गाठ वाढते. सगळ्यांना नाही, काहींना. "हिचा डोळा आळशी नाही," बाई म्हणाल्या, "त्याची नस दबली आहे. पट्टीनं काही होणार नाही. मेंदूचा फोटो काढू या, मग ठरवू. गाठ बहुधा सावकाश वाढणारी असते. पण आणखी वर्षभर पट्टी बांधून बसला असता, तर डोळ्याचं काय झालं असतं ते मी सांगू शकले नसते."

वन्सं खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. "म्हंजे माझा डोळा बी?"

"आता इतक्या वर्षांनी छातीठोक नाही सांगता येणार. पण बहुतेक त्यानंच गेला. नदीवर तुम्ही कुणाला काय दाखवलं त्याचा काडीचा संबंध नाही, बकुळाबाई. गाठ आधीपासूनच असणार."

"माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

वन्सं म्हणाल्या, "आई मरेपर्यंत म्हणत हुती." आणि केतकीच्या झग्याची बटणं लावायला लागल्या.

पुढचं एका दमात सांगते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. फोटोत गाठ निघाली, उजव्या नसेत. डावीपर्यंत गेलेली नव्हती. नजर उतरत होती म्हणून मुंबईला नेऊन औषध चालू करावं लागलं. वर्षभराहून जास्त दर आठवड्याला सुया. ते दिवस वैऱ्यालाही नकोत. पण गाठ थांबली. उजव्या डोळ्याचं जेवढं गेलं होतं तेवढं परत आलं नाही, जेवढं उरलं होतं तेवढं राहिलं, आणि डावा ठणठणीत. आज केतकी पुण्याला बँकेत आहे. रस्ता ओलांडताना उजवीकडं मान जरा जास्त वळवते, बाकी काय, तिखट जीभ आत्याची आलीय! यांनीही तपासून घेतलं. आणि आमच्या भावकीत आता बारशाला खुणा सापडल्या की पेढे वाटतात ते वाटतातच, पण महिन्याच्या आत बाळाला मिरजेला नेऊन आणतात. हा नवा नेम वन्संनी लावून दिला. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "देवानं बोट टेकवलंय ना? मग कशापायी टेकवलंय ते इचारून या."

पण मला सांगायचं होतं ते मिरजेहून आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

मिरजेहून परत येताना वन्सं एसटीत खिडकीशी बसल्या. एरवी गाडी लागते म्हणून डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून बसायच्या, त्या दिवशी सगळी वाट बघत होत्या. उसाचे फड, विहिरी, माणसं, कुत्रीसुद्धा. मधेच केतकीची हनुवटी धरून तिचा चेहरा बघत. घरी आल्यावर दुकान उघडलं, गिऱ्हाईक नसताना सगळ्या बांगड्या खाली काढल्या, रंगारंगानं लावून बघत बसल्या. देवापुढं समई लावली आणि तिथून हलेचनात. मी चेष्टेनं म्हटलंसुद्धा, "काय वन्सं, मिरजेहून आल्यापासनं घर नवं दिसायला लागलं का काय?" त्यावर नेहमीसारखं फटकारतील म्हणून मी वाट बघितली, तर नुसत्या हसल्या.

सकाळी मी उठले तर चूल थंड. असं कधी झालं नव्हतं. आमच्या घरात कोंबड्याच्या आधी वन्सं उठायच्या. मी सडा टाकला, चहा ठेवला, तरी त्यांच्या खोलीत हालचाल नाही. आत गेले तर उताण्या पडलेल्या, हात छातीवर, डोळे मिटलेले.

"वन्सं, बरं न्हाई का?"

"इंदे," त्या म्हणाल्या, "उजाडलं का गं?"

"उन्हं अंगणात आली की! डोळे उघडा आणि बघा."

"तेच तर." त्यांनी पापण्या आणखी घट्ट मिटल्या. "अजून उघडला न्हाई मी. कवाची जागी हाय."

मला काही कळेना. मी त्यांच्या उशाशी बसले.

"दाक्तरीणबाई म्हणाली ते पटलंय मला," वन्सं म्हणाल्या. "शाणी बाई हाय, खोटं कशाला बोलंल? पण आईनं जन्मभर सांगितलेलं बी कानातनं निघंना. खूण दाखवली की डोळा जातो. मी धरूनच चालले हुते की सकाळपातूर जाईल म्हणून. म्हणून काल सगळं बघून घेतलं."

काल त्या खोलीत ही बाई उठली तेव्हा तिच्याजवळ एकच डोळा होता. त्या एका डोळ्यावर तिचं दुकान, तिचं जेवणखाण, तिचं सगळं आयुष्य चाललं होतं. आणि तो गेलाच समजून तिनं पदर खाली टाकला होता. माझ्या पोरीसाठी. मी बटणावर हात ठेवून बसले होते तेव्हा.

"रडतीस का?" वन्सं म्हणाल्या. "आधी रडू नगंस, अपशकुन हुईल. केतकीला आण. माझ्या म्होरं बसीव. दिसली तर पैली तीच दिसू दे, न्हाई दिसली तर हाताला तरी लागंल."

मी धावतच गेले. केतकी अंथरुणात लोळत होती. केस विस्कटलेले, तोंड धुतलेलं नाही, तशीच उचलली आणि आणून वन्संच्या अंगावर बसवली. पोर डोळे चोळत कुरकुरायला लागलं. वन्संनी चाचपून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली.

"उघडू?"

"उघडा वन्सं."

त्यांनी मला हाताला धरलं. घट्ट, माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. आणि डोळा उघडला.

मी त्यांच्याकडं बघत होते. त्या केतकीकडं बघत होत्या. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, मला वाटलं गेलं, गेलं सगळं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इंदे!" त्या खेकसल्या. "नाक पूस की पोरीचं, केवढा शेंबूड आलाय!"

मी नाक पुसलं नाही. मी आधी वन्संच्या पायांवर डोकं ठेवलं.